डाव्या वळणाचे कोडे

गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो होतो, तोच माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. पाचवी ते दहावी तो माझ्या हाताखाली शिकला. आता पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने वाकून नमस्कार केला, चकली हातात घेतली आणि ती तशीच हातात धरून म्हणाला, “सर, आमची गाडी डाव्या वळणावर बंद पडते. फक्त डाव्या! उजव्या वळणावर काही होत नाही.”

“मग उजवीकडेच वळत जा,” स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी तोडगा सुचविला.

पोरगा हसला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की प्रकरण गंभीर आहे.

ही गाडी म्हणजे बाजारात मिळणारी मोटार नव्हे. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी एक लहानशी शर्यतीची मोटार बांधावयाची आणि ती इतर महाविद्यालयांच्या मोटारींशी लढवावयाची, अशी एक स्पर्धा अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिची लागण आपल्याकडेही झाली आहे. सांगाडा मुलांनी जोडायचा, चाके मुलांनी बसवायची; पण इंजिन घडविणे काही पोरांच्या हातचे काम नाही. म्हणून ती बहुधा मोटारसायकलचे इंजिन आणतात. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीतले इंजिन आपल्या चाकणला तयार झालेल्या एका मोटारसायकलचे होते. इंजिनाला पेट्रोल पोचविणारा पंपही त्यांनी त्याच मोटारसायकलच्या टाकीतून काढला, आपल्या पत्र्याच्या टाकीच्या तळाशी बसविला आणि निर्धास्त झाले. पहिले दोन दिवस इंजिन डाव्या वळणावर घुसमटले. तिसऱ्या दिवशी पंपच जळाला. नवा आणायचा, तर पुन्हा वर्गणी गोळा करणे आले.

“पंप तोच, इंजिन तेच, पेट्रोलही तेच,” तो म्हणाला. “बाइकवर बिनतक्रार चालत होतं. मग आमच्या गाडीत काय बिनसलं?”

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. अभियंत्याला मी काय सांगणार? पण कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे एक खोड मात्र जडली आहे. गोष्ट अडली, की ती कोठून सुरू झाली ते शोधत मागे जायचे. त्या सकाळी आम्ही दोघे असेच मागे गेलो. वाचकहो, फराळ संपवून आपणही आमच्याबरोबर यावे.

गोष्टीचा आरंभ सापडला तो आमच्याच अंगणात. माझ्या लहानपणी वडिलांची एक स्कूटर होती. तशी स्कूटर त्या काळी घरोघर असे, आणि त्या प्रत्येक घराला एक विधी ठाऊक होता. रस्त्यात स्कूटर आचके देऊन थांबे. वडील खाली वाकून कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवीत. तेही संपले, की ते स्कूटर एका अंगावर आडवी करीत, दोन-चार क्षण तशीच धरीत, पुन्हा उभी करून किक मारीत. आणि ती शहाण्या मुलासारखी पेट्रोल पंपापर्यंत जाई! आम्हां मुलांना ही जादू वाटे. जादू कसली? टाकीच्या कोपऱ्यात दडून बसलेले घोटभर पेट्रोल कॉकच्या तोंडाशी आणावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. मधे नुसती नळी. पाणी उताराकडे धावते, तसे पेट्रोलही धावते. त्याला ढकलणारा कोणी नको. पृथ्वी फुकट ढकलीत असते.

मोटारसायकलचे जन्मापासूनचे भाग्य हेच. तिची टाकी स्वाराच्या गुडघ्यांमध्ये, इंजिनाच्या डोक्यावर. टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपेक्षा फूटभर उंच असले, तर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढा भरतो. पण जुन्या कार्ब्युरेटरला तेवढा पुरे होई. मोटारीचे तसे नाही. तिच्यात माणसे बसणार, सामान राहणार. टाकीला जागा मिळणार ती आसनाखाली नाही तर पाठीमागे. टाकी खाली आणि इंजिन वर, असा संसार सुरू झाला, की पेट्रोल चढवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

हेन्री फोर्डची १९०८ ची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ घ्या. तिची टाकी पुढच्या आसनाखाली होती आणि पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे जाई. सपाटीवर सारे ठीक. पण टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, की गाडीचे नाक वर, इंजिन वर आणि टाकी मागे खाली! पेट्रोल चढेना. लोकांनी त्यावर काय युक्ती काढावी? गाडी फिरवून ते चढ पाठमोरा चढू लागले. अशी टेकडी उलटी चढणारी माणसे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत सर्रास दिसत. मागे जाण्याचा गिअर जास्त जोरकस होता, हेही एक कारण होतेच.

सधन मंडळींनी निराळा मार्ग धरला. टाकी हवाबंद करायची आणि आत हवा दाबून भरायची, म्हणजे पेट्रोल आपोआप वर येते. जुन्या शर्यतींच्या मोटारींत चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसे; धूळ खात खात हातपंपाने टाकीत हवा भरीत राहणे, हे त्याचे एक मुख्य काम. त्याचा हात थांबला, की मोटार थांबलीच म्हणून समजा. पुढे १९१० नंतरच्या दशकात ‘व्हॅक्युम टाकी’ निघाली. इंजिन हवा ओढते, त्याच ओढीने थोडे थोडे पेट्रोल वरच्या एका लहान टाकीत खेचायचे आणि तेथून ते उताराने खाली सोडायचे. विलायतेत तिला ‘ऑटोव्हॅक’ म्हणत. पहिल्या बेंटली गाड्यांत ती असे. तिच्यातही एक खोट होती. लांब चढावर चालक पेडल पूर्ण दाबून धरतो, तेव्हाच इंजिनाची ही ओढ मंदावते. म्हणजे गरज सर्वांत मोठी, नेमका तेव्हाच पाणक्या दमलेला!

मग लवचिक पडद्याचा पंप आला. इंजिनातला दांडा पडदा खालीवर हलवितो आणि पडदा पेट्रोल ओढून पुढे लोटतो. त्याच्या पाठोपाठ, १९३० च्या सुमारास, टक् टक् करणारा विजेचा पंप आला. पडद्याचा पंप आपल्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात पसरणीचा घाट चढताना जुन्या मोटारी बंद पडत, चालक बॉनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवी आणि सगळे प्रवासी कठड्यावर बसून शेंगा खात. तो काय प्रकार होता? पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला आणि टाकी दूर, मागे. लांबून पेट्रोल ओढायचे म्हणजे नळीतला दाब कमी करायचा; दाब कमी झाला, की पेट्रोल लवकर उकळते आणि नळीत वाफ कोंडते. वाफेला ओढून काय हाती लागणार? यातून कारागिरांनी एक धडा घेतला: पेट्रोल ओढू नये, ढकलावे. पंप इंजिनाजवळ नको, टाकीजवळ हवा; टाकीच्या पोटातच असला तर फारच उत्तम.

हा झाला पेट्रोल चढविण्याचा इतिहास. आता मोटारसायकलचे इंजिन मोटारीत कसे शिरले, ते पाहू. त्याचे कारण एका शब्दात सांगायचे तर गरिबी.

इंग्लंडातल्या मॅलव्हर्न गावी एच. एफ. एस. मॉर्गन नावाच्या तरुणाने १९०९ साली तीन चाकांची एक छोटी गाडी बांधली आणि तिला दोन सिलिंडरांचे मोटारसायकली थाटाचे इंजिन बसविले. मला या गोष्टीत विशेष आनंद वाटतो तो असा, की गावातल्या शाळेच्या यंत्रशिक्षकाने त्याला मदत केली आणि शाळेचा कारखाना वापरू दिला. मास्तरांच्या नावावर जगात थोडे तरी पुण्य आहे! तीन चाकांच्या हलक्या गाडीला तेथे मोटारसायकलइतकाच कर पडे. सामान्य माणसाला ती परवडे. मॉर्गनच्या गाडीत इंजिन सर्वांत पुढे, उघडेच. आणि पेट्रोलची टाकी त्याच्या पाठीमागे, बॉनेटखाली, उंचावर. इंजिन हलविताना त्याने त्याची उंचीही बरोबर आणली होती. पुढे १९५५ साली जर्मनीत बी. एम. डब्ल्यू.ने ‘इसेटा’ ही अंड्याच्या आकाराची मोटार काढली, तिच्यातही मोटारसायकलचेच इंजिन होते, आणि तिथेही टाकी इंजिनाच्या वर ठेवून पेट्रोल उतारानेच आणले होते. ज्यांनी इंजिनाचे जुने घर ओळखले, त्यांना पंप लागला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात टंचाई होती. पेट्रोलवरचे रेशन तर १९५० च्या मे महिन्यापर्यंत चालू होते. अशा दिवसांत सर्बिटन गावच्या गॅरेजात चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी १९४६ साली एक शर्यतीची मोटार जुळविली. दोन मोडक्या छोट्या फियाट गाड्यांचे पुढचे भाग त्यांनी पाठीला पाठ लावून जोडले आणि त्यांत मोटारसायकलचे ५०० सी. सी.चे एक-सिलिंडरी ‘जॅप’ इंजिन बसविले. मोटारसायकलचे इंजिन साखळीने मागचे चाक फिरविते. मग साखळी आखूड राहावी म्हणून इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवले. यात कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते, नुसती सोय होती. पण त्या सोयीने मोटारशर्यतींचे रूपच बदलले. १९४८ साली अठरा वर्षांचा स्टर्लिंग मॉस अशीच एक कूपर घेऊन शर्यतीत उतरला. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम मागे इंजिन असलेल्या कूपर गाडीतून जगज्जेता झाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेली गाडी या शर्यतींतून नाहीशी झाली.

आता घरी बांधायच्या गाडीकडे येऊ. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही गाडी काढली आणि ती सुट्या भागांत विकली. तयार मोटारीवर तेथे जबर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. लोक भाग घरी नेत आणि रविवारी गॅरेजात बसून जोडीत. हा नाद तेथे आजही टिकून आहे. १९९० नंतर या नादिष्टांच्या लक्षात आले, की जपानी मोटारसायकलींची इंजिने वजनाने हलकी आणि ताकदीने अचाट झाली आहेत. १९९९ च्या सुझुकी हायाबुसाचे इंजिन १३०० सी. सी.चे, पण शक्ती सुमारे १७० घोड्यांची! पाचशे किलोंच्या आतबाहेरच्या गाडीत ते बसविले, की काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण इंजिन आले तरी त्याचे घर आले नाही. आरंभीच्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटर होते. त्यांची सवय फूटभर उंचीच्या दाबाची. फार तर चौरस इंचाला दोन-तीन पौंड. कोणी मोटारीचा जोरदार पंप बसविला, तर कार्ब्युरेटरमधली सुईची झडप तो लोटा आवरेना आणि पेट्रोल ओसंडून वाही. मग दाब आवरायला रेग्युलेटर बसवावा लागे. नंतर इंजेक्शन आले आणि हिशेब उलटा झाला. इंजेक्शनला पेट्रोल लागते ते हवेच्या दाबाच्या तिप्पट-साडेतिप्पट दाबाने. विद्यार्थ्याला मी तेथेच गणित घातले: एवढा दाब नुसत्या उतारावर मिळवायचा, तर टाकी किती उंच ठेवावी लागेल? त्याने कागदावर मांडून उत्तर काढले, चाळीस मीटरांहून अधिक. म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर!

तेव्हा मोटारसायकललाही पंप घेणे भाग पडले. तो टाकीतच, पेट्रोलात बुडवून बसवितात. विजेची मोटर पेट्रोलात बुडालेली, हे ऐकून आमच्या घरात सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पण बुडालेल्या जागी जळायला हवाच नसते. आणि पेट्रोल त्या मोटरला सतत गार ठेवते. तिला धोका असतो तो कोरडे पडण्याचा.

“म्हणजे आमचा पंप कोरडा पडला,” विद्यार्थी पुटपुटला. “पण डाव्याच वळणावर का?”

मी आतून पाण्याची बादली मागविली. अंगणात उभा राहून ती गरगर फिरविली. थेंब सांडला नाही. मग तीच बादली पाटावर ठेवून पाट एकदम बाजूला ओढला. अर्धे पाणी रांगोळीवर! सौभाग्यवती काही बोलल्या, ते येथे छापण्याजोगे नाही. पण पोराचा चेहरा उजळला.

फटफटीवाला वळणावर झुकतो. तो झुकतो, त्याच्याबरोबर टाकीही झुकते, आणि बाहेर फेकणारा जोर आणि पृथ्वीची ओढ यांची बेरीज नेमकी टाकीच्या तळाकडेच राहते. फिरणाऱ्या बादलीसारखे पेट्रोल तळाला चिकटून बसते. त्याला वळण आल्याचे कळतही नाही. मोटार झुकत नाही. ती ताठ वळते आणि पेट्रोल बाहेरच्या बाजूला धावते. बाहेरचा जोर वजनाइतका झाला, तर टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी तिरपा होतो. शर्यतीच्या गाडीला तेवढा जोर काही नवा नाही. मुलांची टाकी रुंद आणि उथळ होती. उजवीकडे धूर सोडणारी तापलेली नळी, म्हणून पंप त्यांनी डाव्या कोपऱ्यात बसविला होता. टाकी भरलेली असेतो निभावले. ती अर्ध्यावर आली, की डाव्या वळणावर सगळे पेट्रोल उजवीकडे, आणि डावीकडचा पंप हवा पीत राही. हवा प्यायलेल्या पंपाचा दाब पडतो, इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. असे वारंवार होऊ दिले, तर पंपाच्या पाठोपाठ पिस्टनही जळून भोक पडावयाचे.

मोटारसायकलला उंची आणि झुकणे ही दोन दाने जन्मतः मिळालेली असतात. तिचे इंजिन उचलून दुसऱ्या गाडीत नेता येते, ही दाने नेता येत नाहीत. त्यांची किंमत नव्या घरात मोजावी लागते. इंग्लंडातले नादिष्ट ती अशी मोजतात: टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये एक उभट, अरुंद गडू बसवितात. हलक्या दाबाचा एक पंप टाकीतून पेट्रोल काढून हा गडू सदैव काठोकाठ भरीत राहतो. जास्तीचे पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परतते. जोरकस पंप पेट्रोल घेतो ते गडूच्या बुडातून. टाकीतल्या पंपाने वळणावर क्षणभर हवा प्यायली, तरी गडूत तेवढ्या वेळापुरता साठा असतोच. व्हॅक्युम टाकीच्या काळातली ती वरची लहान टाकी नव्या अवतारात परत आली, म्हणा ना!

एवढे होऊन विद्यार्थी उठू लागला, तेव्हा मी सहज विचारले, “काय रे, बाइक रस्त्यात आडवी पडली, तर तो पंप चालूच राहतो का?”

“नाही सर. तिला एक सेन्सर असतो. बाइक पडली की तो इंजिन आणि पंप बंद करतो.”

“तुमच्या गाडीत तो कुठं बसवलाय?”

पोरगा गप्प झाला. मग खाली मान घालून म्हणाला, की तो मधे मधे करीत होता, म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडून टाकल्या आहेत.

मी वर्गात क्वचितच रागावतो, त्या दिवशी रागावलो. जुनी स्कूटर पडली, तर थेंब थेंब पेट्रोल ठिबके. आपण ती उचलीत असू. येथे गाडी उलटली आणि नळी तुटली, तर पंप तिप्पट दाबाने पेट्रोलची पिचकारी मारीत राहणार, शेजारी लाल झालेली धुराची नळी, आणि मध्ये पट्ट्यांनी बांधलेला एक मुलगा. तो सेन्सर मोटारसायकलवर होता तसाच, त्याच दिशेने उभा बसवायचा. धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा स्वतंत्र स्विच लावायचा. नळ्या त्या दाबाच्याच घ्यायच्या, साध्या रबरी नळीवर भागवायचे नाही. हे झाल्याशिवाय गाडी सुरू करणार नाही, असे मी त्याच्याकडून वदवून घेतले. पंप पुन्हा वर्गणी काढून आणता येईल, पोरगा कोठून आणायचा?

निघताना तो फारच हिरमुसला दिसला, म्हणून मी त्याला ब्रॅबमची गोष्ट सांगितली. १२ डिसेंबर १९५९, अमेरिकेतील सेब्रिंगची शर्यत, जगज्जेतेपदाचा निकाल त्याच दिवशी लागायचा. शेवटच्या फेरीत, अंतिम रेषा काही शे यार्डांवर आली असता, ब्रॅबमच्या कूपरमधले पेट्रोल संपले. तो गाडीतून उतरला आणि ती ढकलीत ढकलीत त्याने रेषा ओलांडली. चौथा आला, आणि त्या वर्षीचा जगज्जेता ठरला. पहिला आलेला ब्रूस मॅकलॅरनही कूपरच चालवीत होता.

उन्हाळ्यात विद्यार्थ्याचा फोन आला. गडू बसविला, सेन्सर उभा केला. गाडी सगळी वळणे घेऊन शेवटपर्यंत धावली. नंबर काही आला नाही. पण ढकलावी लागली नाही, हे त्याने दोनदा सांगितले.

यंदाच्या पाडव्याला तो पुन्हा यायचा आहे. ती गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगी नाही, म्हणून एस. टी.ने येईल. स्टँडवरून आमच्या घराकडे यायला डावीकडेच वळावे लागते, हे आमच्या सौभाग्यवतींनी त्याला आठवणीने कळविले आहे.